हलकी गोळी

तबूक,
६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय जमालुद्दीनचाचा यांस,
अस्सलामु अलैकुम. सुफियानचा सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो समरीनच्या फोनवर धाडतो आहे. हॉस्पिटलातली ड्युटी संपली की ती तुमच्या बॅगांच्या दुकानात येऊन तुम्हाला दाखवेल. बायकोला टपालवाली केल्याबद्दल ती माझ्याकडून खजूर मागते आहे, तेवढं तिला समजवा.

काम असं आहे. माझ्या मालकाने, कफीलने, शेतामागच्या कुंपणात ठिपकेदार हरणं पाळली आहेत. परवाना आहे म्हणतो. या महिन्यात त्याचे पाहुणे शिकारीला येणार. रायफल लहान नळीची आहे, टू-टू-थ्री म्हणतात ती. काडतुसं आणायला त्याचा मुलगा कागदपत्रं घेऊन सोबत येईल, पण निवड माझ्यावर, कारण खोक्यावरचं इंग्रजी शेतावर मला एकट्यालाच येतं. शिकार चांगली झाली तर तनाजुलवर, म्हणजे मला मोकळं करायच्या कागदावर, सही करतो, असं कफीलने सगळ्यांदेखत सांगितलं आहे. इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, मी शेतमजूर. त्याने सोडल्याशिवाय मला जेद्द्यात नोकरी धरता येत नाही. ती सही झाली की मी आणि समरीन एका घरात. सोडचिठ्ठी मिळाल्यावर बायको मिळणारा मी पहिलाच नवरा असेन.

गावी तुमच्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. कोणती गोळी घेऊ ते कळवा.

मर्जी आहे तशीच राहू द्या.
आपला,
सुफियान


बलद, जेद्दा,
९ नोव्हेंबर

चि. सुफियान यास चाचाचे अ. आ.

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. कुंपणात कोंडून, हाताने चारा घालून वाढवलेलं जनावर मारायचं आणि त्याला शिकार म्हणायचं? ही शिकार नव्हे, बांधलेल्या बकरीशी कुस्ती आहे. आपल्या बागेत डुक्कर घुसायचं तेव्हा आम्हीही बंदूक काढायचो, पण डुकराला पळायला सगळं रान मोकळं होतं. जीव घ्यायचाच तर सुरीला धार हवी, जनावराची तडफड होता कामा नये, हे आपल्याला घरीही शिकवलं आणि मशिदीतही. बंदुकीला तोच कायदा लागू आहे. गावच्या सभेत हे बोललो असतो तर मंडप हलला असता. आता घशात नळी आहे, आणि समोर उमऱ्याच्या यात्रेला आलेली गिऱ्हाइकं बॅगांची चाकं फिरवून बघताहेत.

असो. तुला सही हवी आहे, तेव्हा नीट ऐक. रायफल लहान, जनावर मोठं. सगळी मदार गोळीवर. ती कातडीखालीच फुटली तर उपयोग नाही, बरगडी ओलांडून फुप्फुसात गेली पाहिजे. म्हणून हलकी गोळी अजिबात घेऊ नकोस, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. पाहुण्यांना सांग, खांद्यामागे नेम धरा, नाहीतर धरूच नका.

समरीन बरी आहे. तिने पडदे घेऊन ठेवले आहेत. खोली मिळायच्या आधी पडदे कोण घेतं, असं पाटीवर लिहून मी तिला चिडवलं. पाटी पुसून ती म्हणाली की चाचांचा आवाज गेला, पण खोड गेली नाही.

म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा चाचा,
जमालुद्दीन


तबूक,
२४ नोव्हेंबर

आदरणीय चाचा यांस,
सलाम व सा. न. वि. वि.

शिकार झाली. तुम्ही बजावलंत म्हणून हलका माल घेतला नाही. दुकानातलं सगळ्यात महाग खोकं उचललं. गोळीच्या टोकाला लाल प्लास्टिक, खोक्यावर कोल्ह्याचं झोकदार चित्र. दुकानदार सारखं त्याहून स्वस्तातलं, जाड तांब्याच्या आवरणाचं पुढे करत होता. मी त्याला खलास म्हणून गप्प केलं.

गोळी बरोबर खांद्यामागे बसली, मी स्वतः पाहिली. पण हरीण पडलं नाही. अंगावर वाटीएवढी जखम घेऊन ते कुंपणाच्या कडेकडेने पळत राहिलं. पाहुण्यांनी जीप काढल्या. यल्ला यल्ला ओरडत, मोबाइलवर चित्रण करत, असरच्या नमाजापासून मगरिबला सूर्य बुडेपर्यंत त्याच्या मागे. शेवटी ते कोपऱ्यात गुडघे टेकून बसलं, तेव्हा सुरी माझ्या हातात दिली. चाचा, रोज सकाळी त्याला घास मीच घालत होतो. मी जवळ गेलो तेव्हा त्याने उठायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. माझा हात हुंगला.

पाहुणे बेहद्द खूश. कफीलने पाठ थोपटली. डिसेंबरात याहून मोठे पाहुणे येणार आहेत, तेव्हाही हेच खोकं आण, मग सही करतो, म्हणाला. माझं काय चुकलं? एवढी महाग गोळी अशी कशी निघाली?

कळवा. रागावलात तरी कळवा.
आपला,
सुफियान


बलद, जेद्दा,
२७ नोव्हेंबर

चि. सुफियान यास अ. आ.

अरे, हलकी म्हणजे वजनाला हलकी! आपल्याकडे कापड हलकं, चहापत्ती हलकी, माणूस हलका, म्हणजे सगळं खालच्या प्रतीचं. म्हणून तू किंमत पाहिलीस. कमी वजनाची, पातळ आवरणाची गोळी कोल्ह्या-सशांसाठी असते. सुसाट जाते आणि लागताक्षणी तिचा चुरा होतो. लहान जनावर जागीच मरतं, मोठं नुसतं सोलून निघतं. तो दुकानदार तुला हवी तीच गोळी दाखवत होता. मराठीत भाषणं ठोकून तालुका पेटवला म्हणून मी मिरवायचो, आणि एक ‘वजनाला’ लिहायचा कंटाळा केला. त्याची किंमत त्या मुक्या जिवाने दिली.

पण आता तुला कळलं आहे. त्या दिवशी जे झालं ती चूक होती. पुन्हा तेच खोकं आणलंस तर ती चूक नसेल. कफीलला नेमकं काय आवडलं हे तुला दिसलं, मलाही दिसलं. त्याला शिकार नको आहे, तडफड हवी आहे, आणि ती पुरवणारा माणूस हवा आहे. तू जड गोळी घेतलीस तर हरीण जागच्या जागी पडेल, पाहुण्यांची मजा जाईल, आणि मजेबरोबर तुझी सही जाईल. हे सगळं समजून मी लिहितो आहे: जड गोळी घे. ज्या सहीसाठी असं जनावर सोलावं लागतं, ती सही घरात आणू नकोस.

समरीनने हे वाचलं. म्हणाली, चाचांना लिहायला काय जातं, घरी जाऊन एकटीने मला जेवावं लागतं, त्यांना नाही. मग तिने तुझं पत्र पुन्हा उघडलं, हरणाने हात हुंगला तिथे थांबली, आणि माझं पत्र आहे तसंच धाडा म्हणाली.

मला शिव्या दे, पण अंतर देऊ नकोस.
तुझा,
चाचा


तबूक,
२१ डिसेंबर

आदरणीय चाचा यांस,
सलाम व सा. न. वि. वि.

या वेळी खोक्यावरचं वजन वाचलं. जड, जाड आवरणाची गोळी घेतली. दुकानदार नुसता हसला.

एकच बार झाला. हरीण बसल्यासारखं खाली गेलं आणि पुन्हा हललं नाही. बाकीची हरणं जराशी लांब गेली आणि परत चरायला लागली. पाहुण्यांतल्या एकाने विचारलं की एवढंच होतं का. जीप सुरूसुद्धा झाल्या नाहीत. गहवा कॉफी पिऊन सगळे निघून गेले.

कफीलने खोकं मागवलं. त्याला इंग्रजी येत नाही, पण खोक्यावर कोल्हा नाही एवढं कळलं. दुकानातलं संपलं होतं, असं सांगता आलं असतं. मी सांगितलं की मुद्दाम दुसरं आणलं. का, ते त्याने विचारलं नाही.

सही त्याने दुसऱ्याच दिवशी केली. तनाजुलवर नाही, खुरूजवर. कायमचा मायदेशी. अब्बांना अजून कळवलेलं नाही.

समरीनशी फोनवर बोललो. तिने विचारलं की हरणाला लागलं का फार. नाही म्हटलं. बरं झालं, म्हणाली, आणि फोन ठेवला. ते पडदे तिच्याच खोलीला लावून टाक, हे सांगायचं राहिलं. तुम्ही पाटीवर लिहून सांगा.

माझं विमान जेद्द्यावरूनच जातं. तिथे बराच वेळ थांबतं, पण खुरूजवाल्याला विमानतळाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. तिला म्हणावं, रजा काढून येऊ नकोस. येशील आणि काचेबाहेरच उभी राहशील.

तुमच्यावर राग नाही. लिहीत राहा, शब्द तोलून लिहा.
आपला,
सुफियान