गल्ल्यावरची स्पॅनिश

३ ऑक्टोबर

चि. बारके,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझं मार्चमधलं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तराला सात महिने लागले, त्यात टपालखात्याचा काही दोष नाही.

बातमी अशी की तुझी ताई स्पॅनिश शिकते आहे. हसून घे. छप्पन्नाव्या वर्षी शिंगं मोडून वासरांत शिरले आहे. वर्गात एक नर्स, एक जहाजावर निघालेला आचारी, बाकी सगळी कॉलेजची पोरं. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान. पहिल्याच दिवशी मला आजी म्हणाल्या. म्हटलं, "घरात कुणी आजी म्हणणारं नाही, वर्गात कशाला? ताई म्हणा."

पहिला महिना नुसते आकडे. ऊनो, दोस, त्रेस. मग बाजार. बाई टेबलावर प्लॅस्टिकचे टोमॅटो-बटाटे मांडतात, कागदाच्या नोटा आणि नाणी वाटतात आणि आम्ही पाळीपाळीनं गिऱ्हाईक आणि दुकानदार होतो. 'कुआन्तो कुएस्ता' म्हणजे केवढ्याला. तू तिकडे रोज ऐकत असशील. मी न्हाणीघरात मोठ्यानं म्हणते, तेवढीच एक जागा आहे.

मागच्या आठवड्यात फजिती झाली. मी दुकानदार, नर्स गिऱ्हाईक. तेराचे टोमॅटो, तिनं विसाची नोट दिली. बाईंनी विचारलं, परत किती द्याल? सव्वीस वर्षं बटणं, लेस आणि दोऱ्याची रिळं विकलेल्या बाईला हे विचारायचं? मी नर्सचा हात धरला आणि तळहातावर एकेक नाणं ठेवत मोजत गेले, "कातोर्से, किन्से, दिएसिसेइस..." ते थेट वेइन्ते, म्हणजे विसापर्यंत. आमच्या दुकानात मी सुटे असेच द्यायचे, किमतीपासून वर मोजत नोटेपर्यंत. बाई म्हणाल्या, "अहो ताई, नुसतं सात म्हणा. सिएते." ते काही मला सुचेना. वजाबाकी करून सुटे मी जन्मात दिले नाहीत. नर्स म्हणाली, "राहू द्या हो, मला पैसे बरोबर मिळालेत." सगळे हसले, मीही हसले.

घरी येताना मात्र रडू आलं. दोन वर्षांनी कुणाच्या तरी हातावर सुटे ठेवले होते.

हे मी तुला कळवलंच नव्हतं. तुझे भाऊजी गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात दिरांनी गल्ल्याची किल्ली त्यांच्या सुनेकडे दिली. "वहिनी, आता तुम्ही आराम करा." इतक्या गोड आवाजात की भांडताही येईना. सून वाईट नाही गं. तिनं मशीन आणलंय, किती परत द्यायचे ते मशीनच सांगतं. एकदा मी काउंटरमागे गेले, तर म्हणाली, "काकू, काही हवं होतं का?" कुठलं बटण कुठल्या खणात आहे हे मी डोळे मिटून सांगेन, आणि तिथंच मी गिऱ्हाईक झाले. घरात वेळेवर जेवण मिळतं, औषधं मिळतात, कुणी वाकडं बोलत नाही. पण मी दिवसभर बोलले नाही, तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तू लिहिलंस की घरगुती सामानाचं दुकान टाकलंयस, तुम्हा दोघांनाही झेपत नाही, 'कधी तरी ये'. लोक पत्राच्या शेवटी असं लिहितातच, मला कळतं. तरी मी ते वाक्य धरून बसले आहे.

आता जे लिहायला सात महिने लागले, ते लिहिते.

आपल्या आबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हा तू दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे आलीस. म्हणालीस, "ताई, दोनच महिने." मी म्हटलं, घर सासरचं आहे, विचारून सांगते. आत जाऊन आले आणि म्हणाले, "नाही म्हणतायत." बारके, मी कुणालाच विचारलं नव्हतं. तुझे भाऊजी आतच होते. "कोण आलंय?" म्हणाले, तर मी सांगितलं, शेजारीण. त्यांना खरं सांगितलं असतं तर ते तुला ठेवून घेतील हे मला ठाऊक होतं, आणि मग जन्मभर सासूबाईंचे टोमणे मला ऐकावे लागले असते. टोमणे नकोत म्हणून मी बहीण घालवली. तू इतकी वर्षं भाऊजींवर राग धरलास. ते गेले तेव्हाही तू फोनवर त्यांच्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस, आणि मी ते तसंच चालू दिलं. त्यांचा काही अपराध नव्हता.

दोन बांगड्या मोडून तिकीट काढलंय. एकाच बाजूचं. वीस नोव्हेंबरपर्यंत रद्द करता येतं. मी दोन महिन्यांसाठी विचारत नाही, राहायलाच विचारते आहे. दुकानात पडेल ते काम करेन. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल, आणि ते वाटायलाच हवं.

'ये' म्हणायचं असेल तर एवढा एक शब्द पुरे. 'नको' म्हणायचं असेल तर मात्र मोठं पत्र लिही, मनातलं सगळं लिही. त्या दिवशी मी तुला बोलूही दिलं नव्हतं.

तुझ्या दारात उभी,
ताई