मांडीतली नस

बाबा, ती नस तुटली होती.

उमरखेडला आपलं एकच यहुदी घर. बोकड तुम्ही स्वतः रीतीने कापायचात आणि मागच्या मांड्या शेजारच्या काकांना देऊन टाकायचात. "तुमचा देव लय चांगला आहे साहेब, मांडी आमच्याचसाठी ठेवते," काका म्हणायचे. काहून खात नाही विचारलं की तुम्ही सांगायचात: याकोब रात्रभर एका अनोळख्याशी झुंजला, त्याने याकोबच्या जांघेला हात लावला, याकोब लंगडला. म्हणून जांघेतली ती नस आपल्याला वर्ज्य. ती मुळापासून निघाली तरच मांडी चालते, आणि तेवढी खात्री तुम्हाला स्वतःच्या हाताचीही नव्हती.

ताईच्या सोयरिकीला पाहुणे वाढले, मांडी लागणार होती. मी बी.एस्सी.ला होतो, कॉलेजात बेडकाची हीच नस अखंड काढून शाबासकी मिळवली होती. सुरी मीच मागून घेतली. नस अर्ध्यात तुटली, टोक मांसात आत सरकलं. मी बोटांनी शोधलं, सापडलं नाही, मग मांस दाबून सारखं केलं. तुम्ही दारातून विचारलंत, "सगळी निघाली ना?" मी म्हणालो, "हो." पहिला घास तुम्ही घेतलात.

त्याच महिन्यात एसटीतून उतरताना पडलात. खुबा मोडला, शेवटपर्यंत लंगडत चाललात. हाड ठिसूळ होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी शिकलेला माणूस आहे, ते मला पटतं. तरी तुमचा पाय फरशीवर घासला की मी खोलीबाहेर जायचो. काका भेटायला आले, म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या याकोबासारखंच झालं की." तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे पाहिलंत.

गेल्या आठवड्यापासून माझ्या डाव्या पायात खुब्यापासून टाचेपर्यंत कळ जाते. यवतमाळच्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, नस दबलीय. तीच. आज मला खाली बसवेना, म्हणून बोकडाची मांडी माझ्या मुलीने साफ करायला घेतली. मी भिंतीला टेकून बघत होतो. मध्येच तिचे हात थांबले. मग तिने मांस दाबून सारखं केलं आणि वर न बघता म्हणाली, "झालं, पप्पा."

तुम्हाला लिहिलेलं हे पान वहीतच राहील. मी तिला काहीही विचारलं नाही. जेवताना मी वरणभातच घेतला, पोट बरं नाही म्हणालो. तिला मात्र खाऊ दिलं.