आधी बल्ब, मग मोटर

नाचणगाव

प्रिय रूपाली,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघंही बरे आहोत. तुझी ड्यूटी सध्या कोणत्या वेळेची आहे ते कळव, म्हणजे काळजी नेमकी कधी करायची ते मला ठरवता येईल. स्कुटीचा तुटलेला आरसा बसवून घेतलास का? घेतला नसशील. मला माहीत आहे.

आता रागावण्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मोटर आणली. जुनी आहे, एक हॉर्सपॉवरची. देवळीच्या प्रभाकररावांची चक्की बंद पडली, तिथली. शेडमधली आधीची मोटर जळाली, धूर झाला, शेजाऱ्यांनी तुला फोन केला आणि तू सावंगीहून दवाखान्याच्या कपड्यांतच धावत आलीस, ते मी विसरलो नाही. तुझा पांढरा पडलेला चेहराही विसरलो नाही. "बाबा, आता शेड बंद. तुमी दोघं माह्याजवळ चला," असं तू म्हणालीस आणि मी मान डोलावली. पण लाकूड कातायचा माझा खराद तीन महिने थांबला, तर मी घरात काय करणार? तुझी आई म्हणाली, "डब्यायची झाकनं तपासत माह्या मागं फिरू नका, जा तिकडं शेडात."

वीज म्हटली की राकेश वायरमनलाच बोलवायचं, हे तूच सांगून ठेवलं आहेस. म्हणून बोलावलं. दोन लेकरांचा बाप, आयटीआय शिकलेला माणूस. त्याने मोटरचं झाकण उघडलं, तारा पाहिल्या आणि म्हणाला, "काका, हिरवी अर्थिंगले, लाल फेजले. पाच मिनिटाचं काम हाय."

मी म्हटलं, आधी बल्ब. तो माझा फळीवर ठोकलेला बल्ब तुला आठवत असेल. लाइनच्या मध्ये जोडलेला असतो. त्याची दोन टोकं लावली की मोटर सुरू न करताच कोणती तार कुठे जाते ते कळतं.

राकेश हसला. "काका, तुमाले लय भेव वाटते. काऊन मोटर घेऊन राह्यले मंग?"

"भेव वाटते म्हनून तं माह्ये दाही बोटं शिल्लक हायेत," मी म्हटलं.

रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी फळीवर उभा राहिलो. तुझ्या आईच्या हातात वाळलेला वेळू दिला आणि सांगितलं, मी चिकटलो तर यानंच ढकलजो, हात लावू नको. ती म्हणाली, "चाळीस वर्सांपासून असाच मौका पाहून राह्यली होती मी."

एक टोक हिरव्या तारेला लावलं, दुसरं मोटरच्या लोखंडी अंगाला. बल्ब लागला नाही. म्हणजे हिरवी तार अर्थिंगची नव्हतीच. मग लाल तारेला लावलं, आणि बल्ब असा भक्कन लागला की तुझ्या आईने वेळू उगारलाच! लाल तार आतून थेट लोखंडाला कसलेली होती. कधी कोणी वाइंडिंग भरताना हाताशी सापडला तो तुकडा अर्थिंगला लावून दिला असेल. राकेशच्या म्हणण्यासारखी जोडली असती तर सगळ्या मोटरच्या अंगात करंट आला असता, आणि तिच्यावर पहिला हात माझाच पडला असता. राकेशने ती लाल तार स्वतः पुन्हा तपासली. मग कपाळ पुसून म्हणाला, "काका, असा एक बल्ब मलेही बनवून द्या."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. लाल तार अर्थिंगला दिली, कपॅसिटर नवा टाकला, करंटची जरा गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवला. पहिल्यांदा मोटर उलटी फिरली. दोन टोकांची अदलाबदल केली, सुलटी झाली. सोमवारपासून पोळ्या लाटायची चौदा बेलणी उतरवली आहेत.

म्हातारा घाबरू लागला की त्याने काम सोडावं, असं सगळे म्हणतात. अगं, मी विशीतही घाबरतच होतो. माझ्याबरोबर खरादीचं काम शिकलेले पुंडलिकराव कधी घाबरत नव्हते, त्यांचा अंगठा आरीखाली गेला. तुझ्या फ्लॅटमध्ये मी कशाला भिऊ? लिफ्टला? इथे माझी भीती कामाला येते. तिथे ती नुसती छातीवर बसून राहील. मी सातवी नापास माणूस, मला तुझ्यासारखं मुद्देसूद सांगता येत नाही. पण एवढं मला पक्कं कळतं.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडातून "हो बाई" एवढंच निघतं. शेडचं मीटर कायमचं बंद करण्याचा अर्ज जावईबापू धीरजरावांनी भरून आणून दिला, तेव्हा मी "सही करून ठेवतो" म्हणालो. मंगळवारी तू विचारलंस तर "झाली" म्हणालो. खोटं बोललो. सही केली नाही, करणारही नाही. तो अर्ज या पाकिटात परत पाठवतो आहे. सहीच्या जागी तू पेन्सिलने फुली करून ठेवली आहेस, ती जागा कोरीच आहे. तुला आजपर्यंत कशालाच नाही म्हटलं नव्हतं. म्हणून हा शब्द मोठ्या अक्षरात काढतो आहे, नीट वाच. नाही.

तुझाच,
बाबा