दोघांचं बोलावणं

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. वाचणारं कुणी नाही, म्हणजे नम्रपणाचं सोंग आणायला नको. दीर्घ आजाराच्या वॉर्डात आमची रविवारची प्रार्थना सुरू होऊन आज अकरा वर्षं झाली. आई जाताना आम्हां भावंडांना म्हणाली होती, दोघं मिळून देवाचं काम करा. करतोय. विभागणी सोपी आहे. चिंतन मी सांगतो (पस्तीस मिनिटं). बाकीचं धाकटी बघते. बाकीचं म्हणजे गाणं म्हणणं, पेशंटची नखं कापणं, केस विंचरणं, कुणाची पत्रं लिहून देणं, पडून पडून सोललेल्या पाठींना मलम लावणं. किरकोळ.
संकल्प: रोज पाचला उठून देवाचं मार्गदर्शन घेणे.

२ फेब्रुवारी, ७.२०
उठलो नाही. थंडी होती. शरीरही त्याचंच आहे.

८ फेब्रुवारी
चिंतन फार सखोल झालं. अकरापैकी पाच पेशंट झोपले. झोप लागणं हे शांतीचं लक्षण, असं धाकटीला म्हणालो. ती म्हणाली, ‘हो दादा.’ सेहेचाळीस वर्षांची झाली, पण उलटून बोलणं माहीत नाही. गुणी आहे. थोडी दिशा द्यावी लागते, एवढंच.

१२ फेब्रुवारी
प्रार्थनाघराच्या बोर्डावर नोटीस आहे. दोन दिवसांच्या प्रवासावर, डोंगरात, अंथरुणाला खिळलेल्या निराधार लोकांचं घर आहे. तिथे कायमचं राहून सेवा करणारी माणसं हवी आहेत. धाकटीने ती दोनदा वाचली. मग चहा पिताना म्हणाली, ‘दादा, मला जावंसं वाटतंय. अगदी आतून.’
मी कप खाली ठेवला. ती कधी काही मागत नाही. मागच्या वर्षी तिला नवा चष्मा हवा होता, तेही मीच ओळखलं (ती दारावर आपटल्यावर).
म्हटलं, देवाला विचारू. विचारलं. सात मिनिटांत उत्तर: दोघांनी जावं. बहुधा प्रमुख मलाच करतील. लगेच दोघांचा अर्ज लिहिला. माझी माहिती तीन पानं, तिची चार ओळी. ती म्हणाली, चार पुष्कळ झाल्या.

२० फेब्रुवारी
धाकटी वॉर्डातल्या सिस्टरकडून पेशंटला न दुखवता कुशीवर वळवायचं शिकते आहे. घरी सराव माझ्यावर. हात हलका आहे. मी डोंगरातल्या पहिल्या भाषणाचे मुद्दे काढले. छत्तीस निघाले.

५ मार्च, गुरुवार, दुपारी १२.३०
पाकीट आलं. धाकटी वॉर्डात. गुरुवारी ती केस धुवायला जाते. पत्र माझ्या नावाचं, म्हणून उघडलं.
‘आपल्या भगिनींनी १ एप्रिलपूर्वी होकार कळवून रुजू व्हावे. आमच्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या वॉर्डात काम करताना पाहिले आहे. आपणासाठी सध्या योग्य काम नाही. आपल्या तेथील सेवेस शुभेच्छा.’
तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतोय. चूक मला लांबूनही दिसते. ‘आपण उभयतांनी’च्या जागी ‘आपल्या भगिनींनी’ पडलं आहे. उघड उघड टायपिस्टची डुलकी. त्यांचा डॉक्टर गेल्या महिन्यात वॉर्ड बघून गेला, तेव्हा मीही तिथे होतो. बोलत होतो. ऐकू गेलंच असणार.
दुरुस्तीसाठी त्यांना पत्र टाकलं. दुरुस्त प्रत येईपर्यंत धाकटीच्या डोक्याला ताप नको. पत्र शब्दकोशात ठेवलं. ती शब्दकोश उघडत नाही.

१५ मार्च
तिने विचारलं, काही आलं का? म्हटलं, नीट उत्तर अजून नाही. शब्दशः खरं.
कपाटावरची आईची बॅग तिने खाली काढली आहे. चेन तुटली होती, ती शिवत बसली. म्हणाली, ‘देवाच्या मनात असेल तर येईल, नाही का रे?’ छातीत जळजळलं. सोडा घेतला.

२२ मार्च
धाकटी गाताना मध्येच थांबली. शब्द विसरली म्हणे. अकरा वर्षांत प्रथमच. जेवतही नाही धड.
पत्र दाखवावं का, असं प्रार्थनेत विचारलं. मार्गदर्शन: थांब. अगदी स्पष्ट. यात माझा स्वार्थ नाही. ती गेली तर माझं काही अडणार नाही. सिद्ध करण्यासाठी आज चहा मी केला. दूध उतू गेलं. पण तो गॅसचा दोष.

३१ मार्च
दुरुस्त प्रत आली नाही. सकाळी शब्दकोश हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी होती, पुटपुटत होती. प्रार्थनेत व्यत्यय नको, म्हणून परत फिरलो. ऑफिसलाही उशीर होत होता. (नव्हता.)

१ एप्रिल
मुदत संपली. देवाने दार लावून घेतलं. मी नाही. मी फक्त थांबलो.
ऑफिसात एका फॉर्मात ‘दया’चं ‘दगा’ तसंच छापून गेलं. मालक म्हणाले, तीस वर्षांत पहिल्यांदा हो! डोळे तपासून घ्या.

५ एप्रिल
चिंतनाचा विषय: देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणे. चाळीस मिनिटं. धाकटी ऐकत होती. हल्ली ती माझ्याकडे बघून ऐकत नाही, खिडकीकडे बघून ऐकते.

९ एप्रिल, गुरुवार
तिने वॉर्डच्या ऑफिसातून स्वतःच तिकडे फोन केला. नकार असला तर तोंडावर ऐकून घ्यावा, म्हणून. त्यांनी सांगितलं, पत्र मार्चच्या सुरुवातीलाच पाठवलं, होकार आला नाही म्हणून दुसऱ्या बाईंना घेतलं. आणि हो, तुमच्या भावाचं मात्र आलं होतं पत्र.
घरी आली, चपला काढल्या, टेबलाशी बसली. मी सगळं समजावून दिलं. टायपिस्टची चूक, दुरुस्ती, मार्गदर्शन. बराच वेळ बोललो. माझं संपल्यावर म्हणाली, ‘मी महिनाभर रोज देवाला विचारत होते, माझं काय चुकलं. मला वाटलं, त्यालाच मी नकोय.’
म्हटलं, रागव माझ्यावर. चार शिव्या दे. ओरड.
ती म्हणाली, ‘जेवायला वाढू का?’
वाढलं. तिने ताट घेतलं नाही.

१० एप्रिल
बॅग परत कपाटावर. स्टुलावर चढून तिने स्वतःच ठेवली. मी धरतो म्हणालो, तोवर ती खाली उतरलीही होती.
संध्याकाळी म्हणाली, ‘रविवारी वॉर्डात मी येईन. पेशंट वाट बघतात. पण देव काय म्हणाला, ते यापुढे मला सांगू नकोस. माझं मी विचारीन त्याला.’
‘दादा’ म्हणाली नाही. दोनदा आठवून पाहिलं. नव्हतीच म्हणाली.

११ एप्रिल, पहाटे ५.००
उठलो. गुडघ्यांवर बसलो. एक तास वीस मिनिटं. काही ऐकू आलं नाही.
मग इतकी वर्षं जे ऐकू येत होतं, ते आठवून पाहिलं. ओळखीचा आवाज होता. माझाच, जरा खालच्या पट्टीतला.
तिला जाऊ दिलं असतं, तर या दोन खोल्यांत मी एकटा उरलो असतो. याचीच भीती होती. एका ओळीची गोष्ट. ती लिहायला रोजनिशीची इतकी पानं कशाला लागली?

१२ एप्रिल, रविवार
चिंतन लिहून नेलं होतं, चौदा पानं. खिशातून काढलं नाही. धाकटीने गाणं म्हटलं आणि ती कामाला लागली.
खिडकीजवळ नवा पेशंट, गवंडी. परांचीवरून पडला. कमरेखाली काहीच कळत नाही त्याला. बायको अजून गावाहून पोचलेली नाही. मला म्हणाला, ‘तुम्ही देवाचं सांगता म्हणे. मी उभा राहीन का हो परत?’
म्हटलं, ‘मला माहीत नाही.’
त्याने खाटेजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, ‘बरं. बसा मग जरा.’
स्टूल ओढून बसलो. दोन खाटा पलीकडे धाकटी एका म्हाताऱ्याला चादरीसकट वळवायला निघाली होती. चादरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. मी तिला दिसलो, नक्की दिसलो. तिने वॉर्डातल्या मावशींना हाक मारली.
तरी उठलो. दोन खाटा ओलांडून तिथे पोचेपर्यंत त्यांचं वळवून झालं होतं. मावशी म्हणाल्या, ‘काही हवंय का हो तुम्हाला?’
नाही म्हणालो. स्टुलावर परत येऊन बसलो.