मालनचा उजवा पाय

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

उडाली! आज पुन्हा उडाली! मालनचा उजवा पाय जमिनीवरून उचलला जातो, टुणकन पुढे पडतो, आणि मग तिच्या हातून बॉल सुटतो. मैदानावर एवढ्या जणी असतात, पण दिसतं फक्त मला. कारण तिच्या समोर उकिडवी मीच बसलेली असते — तोंडावर जाळी, हातात मिट म्हणजे कॅचरचा जाडजूड हातमोजा, आणि नजर तिच्या पायांवर.

नियम साधा आहे. सॉफ्टबॉलच्या पिचरने पट्टीवर उभं राहायचं, दोन्ही हात जुळवून क्षणभर थांबायचं, मग हात एकदाच गर्रकन गोल फिरवून बॉल खालून सोडायचा. डावा पाय पुढे पडतो. उजव्याचा अंगठा मात्र जमिनीला घासतच मागून यायला हवा. उडी मारली की इल्लीगल! बेसवरच्या सगळ्या मुली आयत्या एकेक बेस पुढे.

नंदू सरांना सांगितलं. आमचे कोच. म्हणाले, "अगं, नववीतली पोरगी असला फास्ट टाकतेय आणि तू तिचे पाय काय बघत बसलीस? अंपायर हात बघतात." मग आवाज खाली आणून — "आणि तिचा बॉल तुझ्याशिवाय धरतंय कोण? दुसरी कॅचर ती शुभा, तिच्या हातातून तर निसटतोच. निवडतील तर तुम्हा दोघींना जोडीनेच निवडतील."

हे मात्र खरं. ज्युनियर मुंबईसाठी माझं हे शेवटचं वर्ष. दोनदा राखीवमध्ये बसून बाकीच्यांना पाणी पाजलंय. या वेळी नाही! पण डिसेंबरच्या निवड चाचणीला एखादा पाय बघणारा अंपायर निघाला तर? तिची वाट लागेल आणि तिच्याबरोबर माझीही. दुपारपासून कशातच लक्ष नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मालनला तोंडावर सांगितलं, तू उडतेस.

"मी? नाय हां, क्षमाताय! माझा पाय खालीच असतो."

इतक्या भोळेपणाने म्हणाली की मलाच वाटलं, आपले डोळे तर बिघडले नाहीत? पट्टीपुढे खडूने खुणा केल्या. उडाली. पायापुढे वीट ठेवली. वीट ओलांडून उडाली! वर हसते! हात मात्र झकास फिरतो तिचा. सर विंडमिल म्हणतात, ती रहाट म्हणते. कोपर सैल, मनगट कमरेला चाटून जातं, शिकवायला काही शिल्लकच नाही. सगळी गोम त्या एका पायात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

डावा तळहात सुजलाय. आईने हळद लावली. "बारावीचे पेपर हातानेच लिहायचे असतात, माहितेय ना?" म्हटलं, उजव्या हाताने. बोलणी खाल्ली.

रविवार, १६ नोव्हेंबर

सांताक्रूझला मावशीकडे जायचं होतं. मालनला सोबत घेतलं आणि मावशीकडे पोहे खाऊन तडक जुहू! ओहोटी होती. ओली, घट्ट वाळू, वर एक पाऊल नाही. म्हटलं, टाक.

तिने टाकला. बॉल सणसणत आला आणि माझ्या मिटला चाटून मागे भेळवाल्याच्या टोपलीकडे गेला. तो ओरडत होता तरी मी तिला हाताला धरून पट्टीच्या जागी नेलं. "बघ आता." वाळूत उजव्या पायाची रेघ दिसत होती. वीतभर. मग काहीच नाही, कोरी वाळू. मग पुढे एक खोल खड्डा, आणि पुन्हा रेघ.

ती कितीतरी वेळ त्या कोऱ्या वाळूकडे बघत उभी राहिली. "म्हणजे मी खरंच उडते?" मग हट्टाला पेटली. पुन्हा टाकला, पुन्हा. प्रत्येक वेळी बॉल टाकून आधी वाळू बघायला धावायची. प्रत्येक वेळी रेघ तुटलेलीच! परत येताना बसमध्येही वाकून उजवा पायच बघत होती. तिला कळलंय हे बरं झालं की वाईट?

बुधवार, १९ नोव्हेंबर

"पाय घास, घास!" ओरडून घसा बसला. घासतच नाही. मुद्दाम करत नाही, तिला जमतच नाही. घास म्हटलं की अंग चोरते. का?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सापडलं! निदान का ते तरी सापडलं!

मालनला ताप म्हणून नाहूरला तिच्या घरी गेले. तिची आई, रुक्मिणीमावशी, दारात तांदूळ निवडत बसली होती. मालन आतून उठून आली, तापाने गळून गेलेली, चपला फरफटत. मावशीने वर न बघता तिच्या पोटरीला असा सणसणीत चिमटा काढला! "कितीदा सांगलंय, पाय घाशीत चलू नको! घरात अवदसा येता!" मालनचा पाय झटकन वर. तस्साच! मैदानावर उडतो अगदी तसा!

आता उमजलं. रांगायची थांबल्यापासून हे चिमटे खाल्लेत तिने. पोरीच्या जातीने पाय ओढत चालायचं नाही. माझी आईसुद्धा म्हणते, पण नुसतं म्हणते. आणि मी दोन आठवडे तिला सांगतेय, घास!

मावशीला सांगू बघितलं. मावशी हसली. "खेळाक कोण नाय म्हणता गो? पण पाय उचलून खेळ मगे." कपाळ माझं.

रविवार, २३ नोव्हेंबर

अवदसा, अवदसा! डोक्यातून जात नाही. केमिस्ट्रीच्या वहीत मालनचे पाय काढले. आईने बघितले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आजचा दिवस!

मालन ताप उतरून आली. मी उशिरा पोहोचले. मैदानाच्या कोपऱ्यात शाळेच्या बारक्या पोरींना लंगडी खेळायची होती आणि मालन त्यांना मैदान आखून देत होती. चुना कुठला! बुटाच्या टोकाने. उजवा पाय मागे टेकवून, अंगठ्यावर भार देऊन, सरसर मागे ओढत. सरळ रेघ. कोपरा. पुन्हा रेघ. कुठे म्हणून तुटलेली नाही! मी तिथेच उभी. म्हटलं, मालन, हे काय करतेस? म्हणाली, "आखतेय."

घासत नाही. आखतेय! चालताना पाय ओढला तर अवदसा. खेळाचं मैदान आखायला ओढला तर कुणी चिमटा काढत नाही, आम्ही सगळ्या लहानपणापासून तसंच आखतो. तिच्या पायाला हे दोन वेगळे शब्द माहीत आहेत, आणि मी आजवर चुकीचा सांगत होते.

तिला ओढतच पट्टीवर नेलं. "बॉल टाकू नकोस. माझ्यापर्यंत रेघ आख फक्त. आखता आखता बॉल सुटला तर सुटू दे." हात जुळवले, थांबली, रहाट फिरला — आणि उजवा अंगठा मातीतून सरसरत आला! धुळीत अख्खी रेघ! मी मास्क फेकून दिला आणि तिला उचललं. सर म्हणाले, "काय येड्या झाल्यात दोघी?"

रविवार, ३० नोव्हेंबर

रोज नुसतं "आख!" एवढंच ओरडते. दहातले नऊ स्वच्छ. तिच्या उजव्या बुटाचं टोक झिजायला लागलंय. वेग कमी झालाय थोडा. उडीचं बळ गेलं ना. पण बॉल आता सांगू तिथे पडतो. गुडघ्याजवळ म्हटलं तर गुडघ्याजवळ. माझ्या तळहाताची सूजही उतरली. आई खूश.

बुधवार, ३ डिसेंबर

शुभाने आज मालनचा बॉल धरला. सहज. एकामागून एक.

सर माझ्याकडे बघत नव्हते. पॅडचे पट्टे आवळत म्हणाले, "कायदेशीर झाली पोरगी, चांगलं काम केलंस. आता तिचा बॉल शुभालाही जमतो." मग — "शुभा दहावीत आहे. तिला अजून दोन वर्षं आहेत. निवड समिती असलं बघते, क्षमा." मालन तिथेच पाणी पीत होती.

मी हसून "हो सर" म्हटलं. किती मूर्ख हसले असेन.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गेले नाही. मनगट दुखतंय असा निरोप दिला. दुखत नाही.

काय गरज होती मला पाय बघायची? सर म्हणत होतेच, अंपायर हात बघतात. गप्प राहिले असते तर? तो अवघड, उडणारा बॉल माझ्याशिवाय कुणालाच धरता आला नसता. चिडचिड होतेय. आईवर खेकसले. घरात या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या.

रविवार, ७ डिसेंबर

गेले. न जाऊन सांगते कुणाला? आणि जाऊन बघते तर मालन पुन्हा उडतेय! आख म्हटलं, ऐकल्यासारखं केलं आणि उडाली. शुभाच्या हातातून दोनदा बॉल निसटला, एकदा खांद्यावर बसला. सगळी मेहनत मातीत!

मी धरायला बसले. टाकले तिने, सगळे स्वच्छ. रेघ अख्खी. शुभा बसली की उडते, मी बसले की नाही. शुभाचा एवढा काय धसका घेतलाय हिने? ती बिचारी तर तोंडातून शब्द काढत नाही.

बुधवार, १० डिसेंबर

पुन्हा तेच. आज माझा तोल गेला. "नाटकं करतेस का? स्वतःचं नुकसान करून घ्यायचंय? पुन्हा पाय उचललास तर तोंड बघणार नाही तुझं!" सगळ्यांसमोर. मिट आपटला. मालन खाली मान घालून बुटाच्या टोकाने मातीत रेघा ओढत बसली. घरी येताना वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. रविवारी चाचणी.

रविवार, १४ डिसेंबर

अंधेरीचं मैदान. अंपायर बाहेरगावचे, पांढऱ्या मिशांचे. आल्या आल्या वाकून पिचरच्या पट्टीपुढची माती बोटाने चाचपली. हा पाय बघणारा!

समितीने शुभाला आधी धरायला बसवलं. मला म्हणाले, नंतर बघू. मी बाकावर. मालनने पहिला टाकला — उडाली. शुभा आडवी झाली, बॉल मागे गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याला अंपायरने हात वर केला. "इल्लीगल पिच!" बेसवरच्या दोघी आयत्या पुढे. पुन्हा उडाली. "इल्लीगल!" एक मुलगी चालत होमला आली, फुकटचा रन. समितीतल्या बाईंनी मान हलवली आणि पेनचं टोपण लावलं. ते टोपण बघून माझा जीव गेला.

सरांचा चेहरा पांढरा. "क्षमा, जा! तुझं ऐकते ती. टाईम मागितलाय, जा!"

धावत गेले. रडत होती. म्हटलं, काय गं, काय चाललंय तुझं? तिने सांगितलं. एकच वाक्य. ते आज लिहीत नाही. निकाल लागू दे.

मागे सगळे बघत होते. अंपायर घड्याळाकडे बघत होते. मी तिच्या ग्लव्हवर थाप मारली, म्हटलं, "आख," आणि बाकावर परत येऊन बसले.

त्यानंतर एकही उडी नाही. हात जुळवून थांबायची, रहाट फिरायचा आणि मातीत रेघ. गुडघ्याजवळ, बाहेरच्या कडेला, सांगाल तिथे. तिघी बॅटर बॉल बघतच राहिल्या. समितीतल्या बाईंनी टोपण पुन्हा काढलं. आणि शुभाने सगळे धरले. एकूण एक.

मला शेवटी धरायला दिलं. दोन बॅटर राहिल्या होत्या.

मंगळवार, १६ डिसेंबर

मालन आहे. शुभा आहे. मी नाही. राखीवमध्येही नाही.

मालन मघाशी येऊन गेली. उजव्या बुटाला भोक पडलंय, आतला अंगठा हलवून दाखवला. हसवायला बघत होती.

आता लिहिते. त्या दिवशी पट्टीवर, नाक ग्लव्हला पुसत म्हणाली होती, "सरळ टाकलंय तर शुभाताय पण धरतली गो. मगे तुका कोण नेतलो?"

माझ्यासाठी उडत होती येडी. आणि मी तिला म्हटलं, आख. मला जायचं होतं. खूप जायचं होतं.