बोक्याचं खोटं भुंकणं

प्रिय खारुताई,

माझं अक्षर बघून हसू नकोस. चौथीत शाळा सुटली आणि त्यानंतर साठेक वर्षं मी नुसत्या सह्या केल्या. शर्टाच्या कारखान्यात गुंड्या लावायला लिहिता यावं लागत नाही. ओळी वर-खाली गेल्या तर आजी डोंगर चढतेय असं समज. फोनवरच बोलले असते, पण फोन लागला की मी तुझ्या सर्दीचं विचारते आणि ठेवून देते. तीनदा तसंच झालं, तुझ्याही लक्षात आलं असेल. पत्र का लिहितेय ते शेवटी सांगते. आधीच सांगायला घेतलं तर हात आखडेल.

तुझ्या बापाकडून कळलं की हरवलेली माणसं शोधायच्या परीक्षेत बोका माणूस नसलेल्या जागी भुंकला म्हणून त्याला नापास केलं आणि गुरुवारी तू त्याला पथकाकडे परत देणार. तिथून त्याला कुठल्याशा गोदामावर राखणीला धाडतील म्हणे. कुत्र्याचं नाव बोका ठेवणारी जगात तू एकटीच असशील, पण दोन वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलंस गं त्याला. गोदामात तो कुणाला शोधणार? उंदरांना?

खरं सांगू, परीक्षेच्या त्या शनिवारी सकाळपर्यंत माझ्याइतकं खूश पथकाच्या तळावर कुणी नव्हतं. अकरा कुत्री, ओल्या केसांचा तो वास, आणि तुम्ही सगळे कुत्र्यांशी लाडात बोलणार नि एकमेकांवर खेकसणार! तुमचे ते मिशीवाले गुरुजी बाटलीतून पावडर उडवायचे, तेव्हा मला वाटलं, गृहस्थ मानेला लावतायत. मग तू सांगितलंस की वारा कुठून येतो ते बघतायत, माणसाचा वास वाऱ्यावरून कुत्र्यापर्यंत जातो म्हणून. लपायला माणसं कमी पडली आणि मी हात वर केला, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मला का हौस होती सांगू? लहानपणी लपाछपीत मी लपले की पोरं मला विसरून जेवायला जायची. आता घरात मला कुणी शोधतच नाही. स्वयंपाकघरात नाहीतर खुर्चीत, जाईन कुठे? म्हटलं, बहात्तराव्या वर्षी का होईना, कुणीतरी जीव तोडून आपल्याला शोधतंय.

पथकाच्या नर्सबाईंनी मला त्या फुटक्या खडकाच्या कपारीत बसवलं. झोपायची ती निळी पिशवी पायांवर ओढून दिली, थर्मास दिला, बोलायचं यंत्र दिलं, आणि बोक्याचा लाल चेंडू दिला, सापडल्यावर बक्षीस म्हणून. दोनच गोष्टी त्यांनी घोकून घेतल्या. जागेवरून हलायचं नाही, आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. त्या गेल्या, आणि ते यंत्र खरखरायला लागलं. कुत्र्याला आयतंच कळेल, म्हणून मी बटण दाबून ते बंद केलं. शहाणी ना मी!

मग धुकं आलं. आधी समोरचं झुडूप गेलं, मग माझे बूट दिसेनात. गुडघा आखडला, बोटं अशी गार पडली की चेंडू हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागे. बोक्याच्या गळ्यातली घंटी ऐकू आली तेव्हा जीव भांड्यात पडला. वरच्या अंगाला तो दोनदा भुंकला. मग तुझा आवाज, मग गुरुजींचा. घंटी माझ्याकडे उतरायला लागली, अगदी जवळ आली, आणि तू शिट्टी मारून त्याला परत बोलावलंस. घंटी लांब लांब गेली आणि थांबली. खारुताई, मी दोन बाळंतपणं आणि तुझ्या आजोबांचं आजारपण काढलंय, पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

त्यानंतर सगळेच हाका मारायला लागले. आजी, ओ आजी! तुम्ही परीक्षा कधीच थांबवली होतीत हे मला काय ठाऊक? मी तोंडावर हात दाबून बसले. म्हटलं, बघा कसे फसवतायत, पण मी काही ओ देणार नाही. दात वाजत होते, तरी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. मग तुझी हाक आली. चार वर्षांची असताना दारात बोट चेमटलं होतं, तेव्हा मारली होतीस तशी. तेव्हा कळलं की हे खोटं नाही. ओ द्यायला तोंड उघडलं तर घशातून नुसती वाफ. वाटलं, झालं, आता इथेच.

तू बोक्याचा पट्टा परत सोडलास म्हणून मी आज जिवंत आहे नि लिहितेय. ओलं नाक आधी कानाला लागलं, मग सगळा बोकाच अंगावर. तो तुला आणायला पळाला नि घेऊन आला, तोवर चेंडू मी छातीशी धरून ठेवला होता. आधी त्याचं बक्षीस दिलं, मग रडले.

आता ते शेवटचं. मला ब्लँकेटात गुंडाळून गुरुजींनी विचारलं, आजी, जागेवरून हलला होतात का? तुझं तोंड पांढरंफटक पडलेलं. मी म्हटलं, छे, तिळभर नाही. मला बसवलं तिथे नर्सबाईंनी नकाशावर मारलेली फुली एवढी जाड की तिच्यात तो वरचा खडक आणि मी सापडले तो खालचा, दोन्ही मावले, त्यामुळे सगळ्यांनी माझं खरं मानलं. पण मी हलले होते गं. थर्मासातला सगळा चहा पिऊन बसले होते, मग व्हायचं तेच झालं. खाली आडोशाला गेले, धुक्यात परतीची वाट सापडेना, आणि पिशवी गुंडाळून खालच्या खडकाशी बसले. म्हणजे बोका वर भुंकला तिथे मी अर्धा तास बसून गेले होते. त्याला माझा वास मिळाला होता, आणि पुढे तो बरोबर माझ्याकडेच उतरत होता. पुरुषमाणसांसमोर ते सांगायची लाज वाटली, आणि तुझा बाप मला पुन्हा कुठे पाठवणार नाही याची भीती. माझ्या एका शब्दाने बोका नापास होईल हे खरंच कळलं नव्हतं. कळलं त्याला आता आठ दिवस झाले, आणि तरी मी गप्प. त्या दिवशी डोंगरावर खोटं कुणी भुंकलं असेल तर ते मी. हे पत्र गुरुवारच्या आत गुरुजींना वाचायला दे, चहाचं सुद्धा गाळू नकोस. खाली सही केलीय, ती मला चांगली येते. रागावलीस तर रागाव, पण बोक्याची परीक्षा परत घ्यायला लाव आणि मला त्याच खडकाखाली बसव. भीती वाटतेच अजून, घंटी वाजली की हात गार पडतात. तरी बसेन. या वेळी चहा नको.

तुझीच,
जागेवरून हललेली आजी