अर्थ नाही

सोमवार, ४ तारीख

आज नव्या घरी आलो. घर म्हणजे दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा, गाडीच्या मागे जोडून ओढून न्यायचा ट्रेलर. लेकीच्या घरामागच्या अंगणात उभा केला आहे. आत पलंग, घडीचं टेबल, शेगडी, तळहाताएवढं बेसिन आणि सात कपाटं. सगळं इतकं हाताशी की पलंगावर बसल्या बसल्या चहा उकळता येतो. लेकीच्या दोन खोल्यांत मी सोफ्यावर झोपायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात यायचो. म्हणून तिने आणि जावयाने हा जुना ट्रेलर घेतला, आप्पांना हक्काची खोली म्हणून. मला भरून आलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच की उजव्या टायरात हवा कमी आहे. लेक हसून हसून दमली.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, आप्पा, दिवसभर काळजी करून आमचं डोकं खाता त्यापेक्षा इथे लिहा, आमचे कान तरी सुटतील.

ट्रेलरमधली वीज नीट नाही. दिवे मिणमिणतात, पाण्याचा पंप मध्येच धापा टाकतो, पंखा लावला की दिवे मंद होतात. जावई म्हणाला, मामा, हे खातं तुमचं. खरंच आहे. मी सातवी नापास, पण वायरमन उस्तादाच्या हाताखाली चाळीस वर्षं काढली.

एक गंमत. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलंय: अर्थ नाही. सातही दारांना तेच, आणि खाली तारखा. आधीचा मालक एकटा म्हातारा होता म्हणे, शेवटचा महिनाभर बाहेरच पडला नाही. याच पलंगावर सापडला, पाय वर घेऊन बसलेला. त्याच्या पुतण्याने ट्रेलर विकला. जावई म्हणाला, मामा, तुमच्याआधी इथे तत्त्वज्ञ राहत होता, तुम्ही तरी जरा आनंदी राहा. मी हसलो. बिचाऱ्याला आयुष्याचा फारच वीट आला असावा.

मंगळवार, ५ तारीख

सकाळी लेक-जावई त्याच्या बहिणीकडे गेले. ती बाळंत झाली आहे. सोमवारपर्यंत मी एकटा. निघताना लेकीने तीन वेळा विचारलं, आप्पा, राहाल ना? मी पाच वेळा सांगितलं, राहीन.

दिवसभर काम केलं. पलंगाखाली बॅटरी आहे. तिच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. गरम पाण्यात सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासली, टोकं चकचकीत केली, नट आवळले. फ्यूजच्या पेटीत एका फ्यूजच्या जागी कुणीतरी चॉकलेटचा चंदेरी कागद कोंबला होता. असलं काम बघून उस्तादाने कानाखाली काढली असती. नवा फ्यूज घातला. पंपाची एक वायर सैल होती, तिला नवी पिन दाबून बसवली. संध्याकाळी दिवे असे लागले की लग्नघर वाटावं. पंप गप्प चालू झाला. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

फक्त मोबाइल गेला. भिंतीतल्या सॉकेटला चार्जिंगला लावला आणि फट् झालं, जळका वास आला. उद्या घरातून ट्रेलरला आलेली केबल तपासायला हवी. लेक फोन करेल, लागणार नाही, मग तिला वाटेल म्हाताऱ्याने फोन कुठेतरी पाडला. वाटू दे.

बुधवार, ६ तारीख

रात्री पाऊस झाला. अंगण चिखल चिखल. सकाळी खाली उतरून तोंड धुतलं आणि परत चढताना दाराच्या कडीला हात लावला तर खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. खिशातला टेस्टर काढला, चिखलात उभं राहून पत्र्याला टेकवला. टेस्टरचा दिवा पेटला. चाकाला टेकवला, पायरीला टेकवला, सगळीकडे पेटला. ट्रेलरचा पत्रा न् पत्रा जिवंत.

केबल उघडून पाहिली. तिसरी वायर मुळापासून कापलेली. मातीत जाणारी, आम्ही जिला आरथिंग म्हणतो ती. घरात जाऊन प्लग उपटला. बरं वाटलं. येऊन पुन्हा टेस्टर लावला.

पेटला.

मला वाटलं बॅटरीचं काही असेल. ती बारा व्होल्टची, तिने असं होत नसतं हे मला ठाऊक आहे, पण घाबरलेला माणूस ठाऊक असलेलं विसरतो. कोरडी फळी टाकली, पायात रबरी चपला, दोन्ही पाय एकदम उचलून आत उडी घेतली. गुडघा मोडला असं वाटलं. बॅटरी सोडवून काढली, टेबलावर ठेवली.

दिवे चालूच आहेत. केबल नाही, बॅटरी नाही, आणि दिवे चालू. मंद होतात, मग भरतात, मग मंद होतात. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसे.

कपाट उघडून चहाची पूड काढली आणि समोर ते दोन शब्द दिसले. कान गरम झाले. चाळीस वर्षं हा शब्द रोज तोंडात होता, पण लिहिलेला कधी वाचला नव्हता. तो म्हातारा तत्त्वज्ञ वगैरे काही नव्हता. तो वायरबद्दल लिहीत होता. अर्थ नाही. आरथिंग नाही. रोज तपासायचा आणि रोज लिहायचा.

गुरुवार, ७ तारीख

जीव बचावतो तो कसा, हे आधी स्वतःला समजावतो. आत आहे तोवर मी सुरक्षित. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, तसं. एक हात पत्र्याला आणि एक पाय ओल्या मातीला, असं झालं की संपलं. म्हणून बाहेर पडायचं तर पायरीवर उभं राहून, कशालाही न शिवता, दोन्ही पायांनी एकदम उडी मारायची. उस्तादाने शिकवलेलं आहे.

सकाळी प्रयत्न केला. दार उघडलं, पायरीवर आलो, हात छातीशी घेतले. पाय उचलत नाहीत. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट. मागे आत यायचं म्हटलं की सुटतात. पुन्हा उडीचं मनात आणलं की घट्ट. चार वेळा केलं. मग गंमत म्हणून नाही, पण सहजच, कडी धरून एकच पाय खाली सोडावा असं मनात आणलं. तो पाय लगेच हलका झाला. कुणी अलगद खाली न्यावा तसा जायला लागला.

ओरडत आत आलो. दार लावलं.

मग तार खाली सोडून पाहिली. एक टोक चौकटीला बांधलं, दुसरं खिडकीतून चिखलात. माझी मीच आरथिंग करणार होतो. मातीला टेकताच ठिणगी उडाली आणि तार मेणासारखी वितळली. दुसरी जाड तार. तीही. स्वयंपाकाचा लोखंडी चिमटा बांधून सोडला, तो लाल होऊन तुटला. त्याला तारेतून जायचं नाही.

दुपारी शेजारची मांजर आली. मी हुसकावत होतो, शुक शुक करत होतो, बशी आपटत होतो. तिने मागचे पाय चिखलात ठेवून पुढचे पायरीवर टेकले.

आवाजसुद्धा आला नाही.

दिवे विझले. पत्र्यातली घरघर थांबली, जी चालू होती हे मला ती थांबल्यावर कळलं. मी पलंगावर बसून रडत राहिलो. तासाभराने दिवे हळूहळू परत आले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की तेवढा तास ते निजलं होतं. पोट भरलं होतं. मी चालत बाहेर गेलो असतो. मी मूर्ख रडत बसलो.

शुक्रवार, ८ तारीख

बिस्किटं संपली. पाणी अर्धी बाटली.

कुंपणापलीकडे निवृत्त शाळेच्या बाई राहतात. मांजर त्यांचीच. त्या सकाळी तिला हाका मारत होत्या. मी वरचं झरोक्याचं झाकण उघडून ओरडलो, पण घसा बसलाय आणि त्यांना कमी ऐकू येतं. म्हणून बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं, काजळीने पाटी लिहिली आणि खिडकीला लावली. झाकण लहान, अक्षरं मोठी हवीत. दोनच शब्द बसले. कपाटावरून बघून लिहिले, म्हणजे चुकायला नको. शिकलेल्या बाई, त्यांना कळेलच असं वाटलं. खाली बारीक अक्षरात: शिवू नका.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. मोठ्याने वाचलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाल्या, आप्पा, असं निराश होऊ नका हो.

मी ओरडलो, करंट! करंट आहे इथे!

त्यांनी कानाला हात लावला. म्हणाल्या, कंटाळा? कंटाळा कुणाला येत नाही? मलाही येतो. थांबा, मी तुमच्या लेकीला कळवते, ती येईल लगेच, तोवर तुम्ही काही वेडंवाकडं करू नका.

मी काच बडवत राहिलो. नको, नको. त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि घरात गेल्या. फोन करायला.

मीच बोलावलं तिला.

शनिवार, ९ तारीख, सकाळ

पाटी बदलली. करंट आहे, दूर राहा. पण रात्री पुन्हा पाऊस, काचेवर आतून वाफ. पुसतो, पुन्हा धरते. माझा श्वास असेल. पण मी श्वास धरून बघितला, तरी —

दिवे आज मंद होत नाहीत. भरतच चाललेत. त्याला कळलंय कुणी येणार ते.

लेकीची सवय मला माहीत आहे. ती हाक मारत नाही. धावत येते आणि सरळ कडी ओढते. घाबरलेली असली की चप्पलही घालत नाही.

सकाळ, नंतर

झरोक्यातून कपडे फेकले, भांडी फेकली, दाराच्या वाटेत आडवी पडतील अशी. ती ओलांडून येईल. पलंगाची गादी दाराबाहेर ढकलायला गेलो, दार उघडत नाही. कालपर्यंत उघडत होतं. कडी पकडून, एक पाय सोडायचं मनात आणलं —

उघडलं.

म्हणजे ते मला तेवढंच करू देणार. त्या एका रीतीनेच बाहेर.

दुपार

गाडी थांबली. तिचा आवाज. कुंपणापाशी बाईंनी तिला धरलंय, सांगतायत, पाटी काय लिहिली होती ते. माझी लेक बोलायला लागली की तासभर हलत नाही, आयुष्यभर मी त्यावरून तिला बोललो. बोल बाई. आज बोल. विचार त्यांना मांजरीचं, गुडघ्याचं, काहीही विचार.

ओरडतोय. घशातून हवा येते फक्त.

ती रडतेय. म्हणतेय मी त्यांना एकटं सोडायला नको होतं.

दिवे पांढरे. इतके पांढरे की वही दिसत नाही. माझ्या हातावरचे केस तिच्या दिशेने —

मांजरीने ते एक तास निजलं. माणसाने किती, कोण जाणे. एक दिवस तरी. तेवढ्यात जावई येईल, बघेल, कुणाला तरी बोलावेल, हा डबा उचलून नेतील. उस्ताद म्हणायचे, ज्याने जोडणी केली त्यानेच तपासायची. मी तिला वाचवतोय असं लिहू नये, मी तिला बोलावलं. पण पोरी, पाटी वाचताना तुला जे वाटलं ते खरं नाही. मला इथे फार आवडलं होतं. तू दिलेलं घर होतं.

चपला काढल्या. बोलणं थांबलं. पावलं. अनवाणी. कडी धरली आहे, लिहायला डावा हात आहे. ती फेकलेल्या कपड्यांपाशी आली, आता भांडी ओलांडतेय, आप्पा म्हणतेय. पाय सोडतो. थांब पोरी, तिथेच थां